इंग्रजी क्रियापदांचे काळ

इंग्रजी क्रियापदांचे काळ : क्रिया बोलण्याच्या क्षणाआधीची, त्या वेळची की नंतरची, हे दाखवणारी इंग्रजीतील रूपव्यवस्था. शाळेत वर्तमान, भूत व भविष्य असे तीन काळ आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण असे चार प्रकार धरून १२ काळ शिकवतात. पाठांतराला ही मांडणी सोयीची आहे, पण रूपे तपासली की ती टिकत नाही. क्रियापदाच्या स्वतःच्या अंगात बदल होऊन तयार होणारे काळ दोनच : वर्तमान आणि भूत. चालू व पूर्ण हे भेद क्रिया सुरू आहे की पुरी झाली, एवढेच सांगतात. व्याकरणात त्यांना क्रियाव्याप्ती म्हणतात.

भूतकाळ दोन रीतींनी होतो. बहुतेक क्रियापदांना एकच प्रत्यय लागतो. तो लिहिताना सारखा, पण उच्चारताना ट, ड किंवा इड होतो (वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड). ‘सिंग–सँग’सारख्या जोड्यांत मात्र आतला स्वरच पालटतो. ही जुनी जर्मानिक रीत रोजच्या वापरातल्या क्रियापदांत अधिक तग धरून राहिली, कारण सतत तोंडी असलेले रूप सहसा विसरले जात नाही.

भविष्यकाळाला इंग्रजीत स्वतंत्र प्रत्यय नाही. प्राचीन इंग्रजीत भविष्यासाठी बहुधा वर्तमानच वापरत. पुढे इच्छा दाखवणारे ‘विल’ आणि बांधिलकी दाखवणारे ‘शॅल’ त्या कामी आले. जॉन वॉलिस याने १६५३च्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात साध्या भाकितासाठी प्रथम पुरुषाला ‘शॅल’, इतरांना ‘विल’ असा नियम घातला. पुस्तकांनी तो शतकानुशतके जपला. बोलणाऱ्यांनी कधीच पुरता पाळला नाही. उद्याच्या गाडीची वेळ सांगायला आजही साधा वर्तमान पुरतो. क्वर्क व सहकाऱ्यांचे १९८५चे आणि हडलस्टन–पुलम यांचे २००२चे व्याकरण भविष्य हा वेगळा काळ मानत नाहीत, आणि तेच योग्य आहे.

भूतरूप नेहमी गतकाळच सांगते असेही नाही. ‘इफ आय न्यू’ (मला माहीत असते तर) यात ते वास्तवापासूनचे अंतर दाखवते, तर ‘आय वॉन्टिड टु आस्क’ यात विनंती सौम्य करते.

मराठीत ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी भविष्याची स्वतंत्र रूपे असल्याने मराठी विद्यार्थ्याला १२ काळांचा तक्ता चटकन पटतो. त्याची खरी अडचण पूर्ण वर्तमानात येते. ‘मी त्याला कालच भेटलो आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले की साधा भूतकाळच हवा. उलट, ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ यातला साधा वर्तमान इंग्रजीला चालत नाही. तिथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणावे लागते.