उचल आईची, फेड लेकराची



बहात्तरचा दुष्काळ आपल्या आज्ज्या अजून सांगतात. खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. पुढे १९७७ साली राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. तरी बीडकडची माणसं दरसाल ऊसतोडीला जातच राहिली. नातवंडंही जातात. असं का, ते आज आम्ही बोलणार आहोत.

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. त्यांना तोडणीला माणसं हवी होती आणि कोरडवाहू गावांना काम हवं होतं. मुकादम उचल देतो ती हंगामाआधी, घरात पैसा नसतो तेव्हा. हमीची मजुरी मिळते काम झाल्यावर. दवाखाना, बियाणं, लग्न थांबत नाही, म्हणून उचल घेतली जाते. हंगामात ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

ही बाकी लेकरांवर कशी येते? शाळा जूनला भरते. टोळी दिवाळीच्या सुमारास निघते, ती मार्च-एप्रिलला परतते. फडावर थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. गावी येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की शाळा सुटते. वयात आलेल्या पोरीला कोपीवर एकटी ठेवायची आईला धास्ती. त्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचलही जोडीवर. मग अठराच्या आत लग्न. नवी जोडी, नवी उचल, आणि वर्षा-दोन वर्षांत नवं लेकरू फडावर.

याला आपण नशीब म्हणतो. आम्हाला ते पटत नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. आईबाप तोडणीला गेले तरी पोरं गावात राहून शिकावीत, म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे. पण टोळी गेल्यावर वसतिगृह उघडलं, तर उपयोग काय? आणि पंधरा वर्षांच्या पोरीचं काय?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पोळ्याच्या आसपासच्या बैठकीत जाणाऱ्या घरांतल्या लेकरांची यादी करा. ती मुख्याध्यापकांना आणि ग्रामसभेत द्या, वसतिगृह टोळी निघण्याआधी मागा. आणि दवाखान्यासाठी कुणी उचल घेत असेल, तर आधी गटाच्या पेटीतून कर्ज द्या. उचल कमी झाली, तर एखादी आई लेकीला आजीपाशी ठेवायचं धाडस करील.