चांद्याच्या रानातील कटाई कामगार

शलमोन राजाने यरुशलेमेचे मंदिर बांधावयास घेतले तेव्हा लबानोनाच्या डोंगरावरून लाकूड आणण्यासाठी त्याने ३०,००० माणसे वेठीला लावली. दरमहा १०,००० माणसे पाळीने डोंगरावर जात. एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी, असा क्रम होता. राजांच्या पहिल्या ग्रंथात हा तपशील आला आहे. वेठीवरील अधिकाऱ्याचे नाव अदोनीराम, हेही त्यात आहे. देवदार पुरविणाऱ्या हिराम राजाला गहू किती आणि तेल किती पोचते झाले, हेही शास्त्रकाराने नोंदून ठेवले. त्या ३०,००० माणसांपैकी एकाचेही नाव मात्र नाही. पुढे शलमोनाचा पुत्र रहबाम गादीवर आला, प्रजेवरचे जू हलके करावयास त्याने नकार दिला आणि वर वेठीच्या अधिकाऱ्यालाच लोकांकडे पाठविले. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. मंदिराच्या वैभवावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ होतात, या दगडांवर फारशी होत नाहीत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलांचा इतिहास चाळताना आम्हांला हा प्रसंग पुनःपुन्हा आठवला. तेथील सागवान देशभर गेले. बल्लारशाहच्या आगारातून निघालेले लाकूड रेल्वेने दूरदूरच्या शहरांत पोचले. अलीकडे, मार्च २०२३ मध्ये, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच आगारातून सागवान रवाना झाले आणि त्याची मिरवणूकही निघाली. लाकडाची नोंद असते, लिलावाची असते, घनफुटांची असते. ज्याच्या कुऱ्हाडीने ते झाड आडवे झाले त्याची नोंद शोधावी लागते.

१८५३-५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्यानंतर १८६५ चा, १८७८ चा आणि शेवटी १९२७ चा, असे वनकायदे आले. यांतला शेवटचा आजही लागू आहे. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्यांची राने काही काळ वेगळी राहिली. १९५१ मध्ये जमीनदारी संपल्यावर तीही सरकारजमा झाली. गोंड आणि माडिया माणसाच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ एकच होता. ज्याने काल घरासाठी सागाचे चार खांब आणले तो आज त्याच खांबांसाठी गुन्हेगार ठरला. आणि सरकारच्या कुपात झाडे तोडायला मजूर म्हणून मात्र तोच हवा होता, कारण हे काम त्याच्याइतके कोणाला येत नव्हते.

हे काम काय आहे, ते आपल्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. कूप म्हणजे खात्याच्या आयोजनेप्रमाणे त्या वर्षी तोडावयाचा जंगलाचा तुकडा. तोडावयाच्या झाडावर हातोड्याने दोन ठिकाणी शिक्का मारतात, एक खोडावर आणि दुसरा अगदी बुंध्याशी. झाड गेल्यावरही बुंध्याचा शिक्का खुंटावर राहिला पाहिजे, नाही तर तोड बेकायदा ठरते. पावसाळा सरला की कटाई सुरू होते. शेजारच्या कोवळ्या झाडावर धूड कोसळू नये यासाठी पहिली खाच कोणत्या अंगाला घ्यावी, हे आधी ठरवावे लागते. सागाचे खोड जमिनीलगत आणि उतरते छाटावे लागते. खुंटावर पाणी साचले तर तो कुजतो. नीट छाटला तर पुढच्या पावसात त्यातून धुमारे फुटतात आणि तेच पुढे झाड होते.

बांबूचे शास्त्र याहून नाजूक आहे. बेटातला कोवळा बांबू राखायचा, आधाराचे जुने बांबूही काही ठेवायचे, घाव जमिनीपासून वीतभर वर आणि पेराजवळ घालायचा. पावसाळ्यात कोंब येतात तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. मात्र या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी घरात शिजते, म्हणून किती काढायचे याचेही भान ठेवायचे. वद्य पक्षात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही अशी समजूत सर्वदूर आहे. बांबूतील पिष्टावर ही कीड पोसते एवढे विज्ञान सांगते. चंद्राचा भाग आम्ही वाचकांच्या विवेकावर सोडतो.

मजुरी दिवसावर नसे, मापावर असे. इतके नग, इतके बंडल, इतके पैसे. माप घेणारा मुकादम, हिशेब लिहिणारा मुनीम आणि उचल देणारा कंत्राटदार, यांच्यामधून जे उरेल ते कामगाराचे. आलापल्ली आणि सिरोंचा भागात ओंडके ओढायला हत्ती होते. कमलापूरचा हत्ती कॅम्प हा त्या काळाचाच अवशेष आहे, आणि तेथील हत्तींची नावे पर्यटकांनाही ठाऊक असतात. कुपातील मजुरांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

कंत्राटदाराची मधली कडी काढावी हा विचार आपल्या ठाणे जिल्ह्यातून निघाला. १९४५-४६ च्या वारली उठावात वेठबिगारीबरोबर गवत कापण्याच्या आणि झाडे तोडण्याच्या मजुरीचा प्रश्नही होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढल्या, त्या पुढे विदर्भातही पसरल्या. काही संस्था चांगल्या चालल्या. काहींत कंत्राटदारच मागच्या दाराने शिरला.

१९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र रान काढून तेथे सागाची लागवड करण्याचा वेग वाढला. या भागातील कोणाही वयस्क कटाईवाल्याशी बोलावे, तो सागाच्या लागवडीला जंगल म्हणत नाही. त्याच्या लेखी जंगल म्हणजे मोह, चार, तेंदू, हिरडा, बेहडा, आणि ज्यात मोठ्या देवाचे ठाणे मानतात ते येनाचे झाड. सागाखाली खायला काही मिळत नाही, हे त्याचे साधे म्हणणे. आमच्या मते वनशास्त्राच्या पदवीधरांनाही ते खोडता येणार नाही. आलापल्लीजवळ १९५३ मध्ये नैसर्गिक रानाचा एक लहान तुकडा न तोडता राखला गेला. २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. एकेकाळी सगळेच रान जसे होते तसे आता वारसा म्हणून पाहावे लागते.

आपल्या ख्रिस्तसभेचे या मुलखातील संघटित कार्य तसे उशिराचे. १९६२ मध्ये चांदा मिशन सी.एम.आय. धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला. त्याचे पीठ बल्लारपुरात, म्हणजे कागद गिरणी आणि लाकूड आगाराच्याच गावात, आहे. त्या वेदीपासून कूप लांब नाही.

कटाईवाल्याने आपले मत सर्वांसमक्ष मांडले ते ऐंशीच्या दशकात. इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांवरील भोपालपट्टणम व इंचमपल्ली धरणांनी हजारो एकर रान बुडणार होते. १९८४ मध्ये 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि अहेरीचे राजे विश्वेश्वरराव त्यात होते, आणि त्यांच्यामागे हजारो आदिवासी होते. धरणे झाली नाहीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे कठाणी नदीकाठचे छोटे गोंड गाव या आंदोलनातून जागे झाले. देवाजी तोफा हे तेथील पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहप्रवासी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा येथली.

या गावाने आपले घोटूल, म्हणजे तरुण-तरुणींचे सामुदायिक घर, पुन्हा बांधायचे ठरविले आणि त्यासाठी रानातले सागाचे खांब आणले. वनखात्याने ते घोटूल उतरवून खांब नेले. तेव्हा मेंढ्याने आणि आसपासच्या गावांनी आपापल्या ठिकाणी घोटुले बांधायचा निश्चय केला. एका गावावर कारवाई करता येते, इतक्या गावांवर करता येईना. दगड उचलला गेला नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

यानंतरची लढाई बांबूची. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाड ठरविले होते, आणि झाड म्हटले की मालकी खात्याची. कारखान्यांना तो किती स्वस्तात मिळे याचे एक उदाहरण माधव गाडगीळांनी कर्नाटकातले दिले आहे: तेथील कागद गिरणीला करारानुसार टनाला दीड रुपया पडे, तर टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारभाव मोजावा लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला. १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना देण्यास खाते तयार नव्हते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. कोणत्याही बुरुडाला हे आधीच सांगता आले असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. आता तेथे बांबू तोडणारा ग्रामसभेचा सभासदही आहे. हजेरी तिची, दर ती ठरविते, विक्री तीच करते. याच ग्रामसभेने तेंदूपाने गोळा करणे थांबविले. नवी पाने यावीत म्हणून झुडपे छाटावी लागतात आणि रानाला आग लावली जाते, त्यात इतर रान जळते. शिवाय त्या पानाची विडी होते आणि ती माणसाला अपाय करते, असा त्यांचा विचार. तेंदूचा पैसा उन्हाळ्यात, हातात काही नसताना येतो. तो सोडणे म्हणजे काय, हे पगारी माणसाला चटकन कळणार नाही. काही हेक्टर रान त्यांनी मुळीच न तोडण्यासाठी बाजूला ठेवले, तेही त्यांच्याच ठरावाने.

सर्वच गावांना हे जमलेले नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. वाघांची संख्या वाढली याचा शहरात आनंद होतो, आणि तो अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण पहाटे रानात शिरावे लागणाऱ्या बाईचे मतही त्या आनंदात कोठेतरी धरले जावे.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाचे काम पुन्हा सुरू झाले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील वाहने जाळल्यावर ते थांबले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या विश्वपत्रात आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा संवादाचे पहिले भागीदार तेच असावेत असे सांगितले आहे. प्रत्यक्षात संवाद किती झाला यावर त्या भागात दोन मते आहेत. कटाईवाल्याचा मुलगा खाणीत दरमहा पगारावर लागतो, त्याला आम्ही दोष देणार नाही. बांबूचा हंगाम पावसाळ्यात बंद असतो आणि पोट बारा महिने मागते. बाप मात्र कुपाच्या हिशेबाने विचार करतो. कुपात झाड तोडले तरी खुंट राहतो आणि त्याला धुमारे येतात. खाणीसाठी तोडलेल्या रानात खुंट ठेवत नाहीत, कारण त्याखालची मातीच काढायची असते.