वॉलेसचा अली

सन १८६२ च्या आरंभीं एक इंग्रज गृहस्थ सिंगापुराहून विलायतेस परततांना मुंबईस उतरला व आठवडाभर तेथें राहिला. उतरण्याचें कारण मोठें मौजेचें होतें. प्रवासाचा शीण घालविणें हें एक, आणि बरोबरच्या दोन पक्ष्यांसाठीं केळ्यांची नवी बेगमी करणें हें दुसरें. हे पक्षी न्यू गिनीकडील अरण्यांतले, सिंगापुरांत भारी किंमत देऊन घेतलेले जिवंत नंदनपक्षी होते. केळ्यांखेरीज त्यांस झुरळें फार प्रिय. पण आगबोटीवर तीं पुरेशीं मिळेनात. तेव्हां हा गृहस्थ रोज रात्रीं घटकाभर खलाशांच्या राहण्याच्या जागेंत झुरळें धुंडाळीत फिरे. पुढें माल्टा बेटांत एका भटारखान्यांत तीं विपुल सांपडलीं, आणि त्यानें बिस्किटांचे डबेच्या डबे झुरळांनीं भरून घेतले! पक्षी लंडनला सुखरूप पोंचले. एक वर्षभर व दुसरा दोन वर्षें तेथें जगला.

ह्या गृहस्थाचें नांव आल्फ्रेड रसेल वॉलेस. श्रीमंती हौसेनें रानोमाळ भटकणारा शिकारी तो नव्हे. चौदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली. पुढें जमीनमोजणीचें काम करून तो पोट भरूं लागला. १८४८ सालीं बेट्स नामक मित्राबरोबर तो ॲमेझॉनच्या अरण्यांत गेला. दुर्मिळ किडे व पक्षी जमवावयाचे, लंडनच्या अडत्यामार्फत ते विकावयाचे आणि त्यावर गुजराण करावयाची, असा बेत होता. चार वर्षांनीं परततांना भर समुद्रांत जहाजास आग लागली व जवळचा बहुतेक संग्रह डोळ्यांदेखत जळाला. दहा दिवस उघड्या होडींत काढून जो वांचला, तो दोन वर्षांच्या आंत पुन्हा उष्ण कटिबंधाकडे निघाला! १८५४ पासून १८६२ पर्यंत तो मलाया द्वीपसमूहांत हिंडला. सुमारें १४,००० मैलांचा प्रवास झाला. १,२५,६६० नमुने जमले, त्यांत पक्षी ८,०५०. ह्याच काळांत, १८५८ सालीं, तापानें फणफणत असतां नैसर्गिक निवडीचें तत्त्व त्यास स्फुरलें व तो निबंध त्यानें डार्विनकडे धाडला, ही कथा सुशिक्षित वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस कुतूहल आहे तें निराळ्याच गोष्टीचें. चष्म्यावांचून ज्याचें चालत नसे व तापानें जो वारंवार अंथरुणास खिळे, अशा एका मनुष्याच्या हातीं आठ हजार पक्षी लागले तरी कसे?

१८५५ सालीं सारावाकमध्यें अली नांवाचा एक मलायी पोरगा वॉलेसनें स्वयंपाकास ठेवला. पोरगा लवकरच बंदूक चालवूं लागला, पक्ष्याचें कातडें न फाटूं देतां सोडविण्यांत तरबेज झाला, आणि नव्यानें येणाऱ्या गड्यांस तेंच काम शिकवूं लागला. होडी हांकण्यांत तर तो जन्माचाच वाकबगार. संकटप्रसंगीं त्याचें चित्त विचलित होत नसे, अशी ग्वाही खुद्द वॉलेसनेंच दिली आहे.

१८५७ सालीं हीं मंडळी अरू बेटांत गेलीं. नंदनपक्ष्यांचीं कातडीं पूर्वीं युरोपांत येत तीं पाय कापलेलीं. त्यामुळें ह्या पक्ष्यास पायच नसतात, तो जन्मभर आकाशांतच तरंगतो, अशी समजूत तिकडे रूढ झाली होती. आणि लिनियससारख्या शास्त्रज्ञानें एका जातीस 'पायविरहित' ह्या अर्थाचें नांव देऊन त्या भ्रमाची आठवण कायम करून ठेविली. असा हा पक्षी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा म्हणून वॉलेस तेथवर गेला. परंतु राजनंदनपक्षी, शेंदरी पाठीचें तें चिमुकलें रत्न, प्रथम टिपून आणला तो बादेरून नांवाच्या त्याच्या गड्यानें. पुढें कीटकदंशानें वॉलेसच्या पायांस व्रण झाले, आणि अरण्य दाराशीं असतां तो आठवडेच्या आठवडे झोंपडींत पडून राहिला. अलीस एकट्यालाच आंतल्या गांवीं पाठविलें, तेव्हां तो सोळा उत्कृष्ट नंदनपक्षी घेऊन आला. मध्यें त्यालाही ताप आला नसता तर दुप्पट आणले असते. सगळेंच कांहीं सुरळीत चाले असें मात्र नाहीं. एकदां अलीनें सोललेलें राजनंदनाचें कातडें हातांतून निसटलें. तो वांकतो न वांकतो तोंच गांवांतल्या एका भुकेल्या कुत्र्यानें तें पळविलें, आणि हातीं परत आल्या त्या केवळ चिंध्या!

अलीची खरी कामगिरी बाचान बेटांतली. १८५८ सालीं एके दिवशीं तो कमरेस पक्षी लटकवून परत आला व त्यांतील एक त्यानें मोठ्या उत्साहानें पुढें धरला. हिरवी झळाळती छाती, आणि प्रत्येक खांद्यावरून ताठ निघालेलीं दोन दोन लांब पांढरीं पिसें. वॉलेस पाहतच राहिला. पिसें अशीं कां उभीं आहेत, हें त्यास उमगेना. पंख फडफडवितांना पक्षी स्वतःच तीं अशीं उभारतो, आपण त्यांस हातही लाविला नाहीं, असें अलीनें सांगितलें. म्हणजे पक्षी अलीनें पाडला एवढेंच नव्हे. जिवंतपणींचा त्याचा डौल प्रथम टिपला तोही अलीच्याच डोळ्यांनीं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रे ह्यांनीं ह्या जातीचें नामकरण केलें तें वॉलेसच्या नांवानें. एवढें मात्र मान्य केलें पाहिजे कीं, ही सारी हकीकत आपणांस कळते ती वॉलेसच्याच ग्रंथावरून. त्यानें ती लपविली नाहीं.

त्या काळीं पाहणें व मारणें हीं दोन वेगळीं नव्हतीं, हेंही विसरून चालणार नाहीं. बोर्निओंत वॉलेसनें एका ओरांगउटांगाच्या मादीस गोळी घातली आणि तिचें तान्हें पिलूं घरीं आणून वाढविलें. दूध मिळेना म्हणून तो त्यास भाताची पेज पाजी. पिलूं सुमारें तीन महिने जगलें. मग त्याचें कातडें व सांगाडाही संग्रहांत गेला. हें वर्णन वाचतांना आजच्या वाचकाचें मन द्विधा होतें. निदान आमचें तरी झालें. सुधारलेला मनुष्य ह्या अरण्यांत शिरला म्हणजे असले पक्षी नामशेष होतील, ही हळहळ अरूंत प्रकट करणारा वॉलेसही हाच.

सिंगापुरांत निरोप घेतांना वॉलेसनें अलीस पैसे दिले, आपल्या दोन दुनळी बंदुका दिल्या. त्या प्रसंगीं अलीनें प्रथमच युरोपीय पोषाख केला, व एका मित्रानें त्याचा फोटो काढला. आपला पेहराव त्याला अधिक शोभे, असा शेरा वॉलेसनें मारला खरा, पण १९०५ सालच्या आत्मचरित्रांत छापला तो हाच फोटो. अलीनें तर्नाते बेटांत लग्न केलेंच होतें.

पुढें १९०७ सालीं टॉमस बार्बर नांवाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तर्नातेस गेला असतां, फिकट निळी टोपी घातलेल्या एका सुरकुतलेल्या म्हाताऱ्यानें त्यास रस्त्यांत थांबविलें आणि आपलें नांव सांगितलें: अली वॉलेस. बार्बरनें त्याचा फोटो काढून इंग्लंडांत धाडला. वॉलेस तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांचा होता. अलीनें आपणांस जबर तापांतून कसें वांचविलें, ह्या आठवणींनीं भरलेलें पत्र त्यानें उलट टपालीं लिहिलें. तें पत्र बार्बरच्या हातून हरवलें.