लाराबांगा : मातीची मशीद आणि हत्तींचे अरण्य यांच्यामधले घानातील एक गाव

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या उत्तर भागात, सॅव्हाना प्रांतात लाराबांगा हे छोटे गाव आहे. दोन गोष्टींमुळे या गावाचे नाव देशाबाहेर पोहोचले. पहिली, गावाच्या मध्यभागी उभी असलेली माती आणि लाकडाची पांढरी मशीद. ती घानातील सर्वांत जुनी मशीद मानली जाते. दुसरी, गावापासून काही किलोमीटरवर सुरू होणारे मोले राष्ट्रीय उद्यान. ते घानातील सर्वांत मोठे संरक्षित वनक्षेत्र असून आफ्रिकी हत्ती पायी फिरून पाहता येण्यासाठी प्रसिद्ध आहे. मशीद गावाने राखली आहे, तर अरण्य शासनाने. या दोहोंमुळे येणाऱ्या पर्यटकांचा लाभ गावाच्या पदरात किती पडतो, हा लाराबांगाच्या अलीकडच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

स्थान आणि लोक

लाराबांगा पश्चिम गोंजा भागात येते. फेब्रुवारी 2019 मध्ये घानाच्या जुन्या नॉर्दर्न प्रांताचे विभाजन होऊन सॅव्हाना प्रांत अस्तित्वात आला आणि लाराबांगाच्या पूर्वेस असलेले दामोंगो हे त्याचे मुख्यालय झाले. गोंजा राज्याच्या सर्वोच्च पारंपरिक प्रमुखाची, म्हणजे ‘यागबोनवुरा’ची गादीही दामोंगो येथेच आहे.

लाराबांगातील बहुसंख्य रहिवासी मुस्लिम असून स्वतःला कामारा म्हणवतात. सहारा वाळवंटापलीकडील बाजारपेठांना दक्षिणेच्या दाट अरण्यांशी जोडणारे व्यापारी तांडे शतकानुशतके या प्रदेशातून जात असत. दक्षिणेकडून सोने आणि कोला फळ उत्तरेस जाई. उत्तरेकडून मीठ, कापड आणि त्यांच्यासोबत इस्लाम धर्म येई. माली प्रदेशातील मांदे भाषक व्यापारी आणि धर्मपंडित या मार्गावरील गावांत स्थिरावले. उत्तर घानातील जुन्या मशिदी या वाटांच्या खुणा आहेत. बोले, बांदा न्क्वांता, मालुवे, नाकोरे या गावांतही त्याच धाटणीच्या मशिदी आढळतात.

आज गावाचा निर्वाह मुख्यतः शेतीवर चालतो. मका, ज्वारी, बाजरी, भुईमूग आणि याम हा कंद ही येथील प्रमुख पिके आहेत. पावसाळा एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. उरलेले महिने कोरडे असतात आणि डिसेंबरपासून काही आठवडे सहाराकडून ‘हरमटान’ हा धुळीचा वारा वाहतो.

मशीद : इतिहास आणि आख्यायिका

स्थानिक परंपरेनुसार मशिदीची उभारणी इसवी सन 1421 मध्ये झाली. काही अभ्यासक मात्र ती सतराव्या शतकातील किंवा त्यानंतरची मानतात. आख्यायिका अशी, की अयुबा नावाच्या एका प्रवासी धर्मपुरुषाने भाला फेकला आणि तो पडेल तेथे मुक्काम करण्याचे ठरवले. तेथे त्याला स्वप्नात मशीद बांधण्याचा आदेश मिळाला आणि सकाळी जाग आल्यावर पाया तयार असलेला दिसला. मशिदीजवळच्या मोठ्या गोरखचिंचेखाली त्याचे दफन झाले, असे गावकरी सांगतात. भारतातही ठिकठिकाणी आढळणारा गोरखचिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतीलच आहे.

मशिदीत जतन केलेल्या कुराणाच्या प्राचीन प्रतीला गावात विशेष मान आहे. सतराव्या शतकात तत्कालीन इमामाच्या प्रार्थनेचे फळ म्हणून ती स्वर्गातून मिळाली, अशी श्रद्धा आहे. गावाबाहेर ‘गूढ शिळा’ नावाचा एक दगडही दाखवला जातो. रस्ता बांधताना तो हलवला असता पुन्हा मूळ जागी आढळला आणि अखेर रस्त्यालाच वळण द्यावे लागले, अशी कथा आहे.

मातीचे बांधकाम आणि सिमेंटचा धडा

ही वास्तू ‘सुदानी’ किंवा ‘सुदानी-साहेली’ शैलीत मोडते. येथे सुदान या शब्दाचा आजच्या सुदान देशाशी संबंध नाही. साहेल पट्ट्यातील पश्चिम आफ्रिकेला अरब लेखक हे नाव देत. मालीतील जेन्ने येथील भव्य मशीद हे या शैलीचे सर्वांत परिचित उदाहरण. लाराबांगाची मशीद त्या मानाने अगदी लहान, प्रत्येक बाजूस जेमतेम आठ मीटर आहे. तिला निमुळते होत जाणारे दोन मनोरे आहेत. त्यांपैकी एक मक्केची दिशा दाखवणाऱ्या मिहराबावर उभा आहे. भिंतींना बाहेरून फुगीर, टोकदार आधारस्तंभ आहेत आणि त्यांतून आडव्या लाकडी बल्ल्या बाहेर आलेल्या दिसतात. या बल्ल्या भिंत बांधून ठेवतात, शिवाय गिलावा करणाऱ्या कारागिरांना चढण्यासाठी पायऱ्यांसारख्या उपयोगी पडतात.

मातीच्या वास्तूचे आयुष्य दरवर्षीच्या डागडुजीवर अवलंबून असते. पावसाळ्यात गिलावा झिजतो आणि कोरड्या ऋतूत गाव एकत्र येऊन तो पुन्हा चढवते. मातीची भिंत ओलावा शोषते, तसाच तो बाहेरही सोडते. 1970 च्या दशकात मशिदीला टिकाऊपणा यावा या सद्हेतूने सिमेंटचा गिलावा देण्यात आला आणि हे चक्र तुटले. ओलावा आत अडकला, भिंती कमकुवत झाल्या, लाकडाला वाळवी लागली. जागतिक स्मारक निधी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2002 च्या सूचीसाठी धोक्यातील 100 वारसास्थळांत या मशिदीचा समावेश केला. त्याच वर्षी वादळात वास्तूची मोठी हानी झाली.

त्यानंतरच्या जीर्णोद्धारात सिमेंट काढून टाकण्यात आले, खराब लाकूड बदलण्यात आले आणि मातीचा गिलावा पुन्हा देण्यात आला. या कामाचे महत्त्व वास्तूपुरते मर्यादित नव्हते. सिमेंटच्या काळात मातीकामाचे पारंपरिक कौशल्य गावातून लोप पावू लागले होते. ते जुन्या कारागिरांकडून तरुणांकडे पुन्हा पोहोचवणे हाही या प्रकल्पाचा भाग होता. जोराचा पाऊस आणि वादळ यांचा धोका आजही टळलेला नाही. त्यामुळे मशिदीचे भवितव्य एखाद्या मोठ्या दुरुस्तीपेक्षा नियमित देखभालीवर ठरणार आहे.

मोले राष्ट्रीय उद्यान

मोले नदीवरून नाव पडलेले हे अरण्य 1958 मध्ये वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आले आणि 1971 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. भूप्रदेश विरळ झाडी आणि उंच गवताचा आहे. येथे सस्तन प्राण्यांच्या 90 हून अधिक आणि पक्ष्यांच्या 300 हून अधिक जातींची नोंद आहे. हत्तींखेरीज कॉब, वॉटरबक, हार्टबीस्ट व रोन ही हरिणवर्गीय जनावरे, वॉर्टहॉग हे सुळेदार रानडुक्कर, बबून आणि पटास माकडे सहज दिसतात. बिबट्या व तरस आहेत, पण क्वचित दृष्टीस पडतात. सिंह पाहण्याच्या अपेक्षेने मात्र येथे येऊ नये.

मोलेचे वेगळेपण पायी भ्रमंतीत आहे. भारतातील बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकांना वाहनातून उतरण्यास मनाई असते. मोलेमध्ये सशस्त्र वनरक्षकाच्या सोबतीने सकाळी आणि दुपारनंतर चालत अरण्य पाहता येते. जीपमधून फेरीचीही सोय आहे. उद्यानातील जुने निवासस्थान एका उंच कड्यावर असून खाली पाणवठे दिसतात. जानेवारी ते एप्रिलदरम्यान अन्यत्र पाणी आटल्यावर हत्ती या पाणवठ्यांवर येतात. अलीकडच्या काळात उद्यानात महागडे खासगी लॉजही सुरू झाले आहे.

गाव आणि उद्यान यांचे नाते

उद्यानाच्या स्थापनेची दुसरी बाजू विस्थापनाची आहे. अरण्य राखीव करण्याच्या प्रक्रियेत आतील लहान वस्त्या बाहेर हलवण्यात आल्या. शिकार, मध, सरपण, औषधी वनस्पती आणि पूर्वजांची पवित्र स्थाने यांवरील जुने हक्क त्यामुळे संपुष्टात आले. सीमेलगतच्या शेतांत हत्ती शिरले की महिन्यांचे पीक एका रात्रीत जाते. उद्यानाचे प्रवेशशुल्क शासनाच्या वनविभागाकडे जमा होते. चोरटी शिकार आणि ती रोखणारे वनरक्षक यांच्यातील तणावाचे मूळ या पार्श्वभूमीत आहे.

पर्यटनाच्या उत्पन्नाचा प्रश्नही सोपा नाही. मशिदीला भेट देणाऱ्यांकडून गावात शुल्क घेतले जाते. ते कोणी घ्यावे, त्याचा हिशेब कसा ठेवावा आणि वाटप कसे व्हावे, यावरून गावात मतभेद होत आले आहेत. वाटाडे म्हणून अनेक तरुण एकाच वेळी पुढे येतात आणि देणग्यांचा आग्रह धरतात, अशा पर्यटकांच्या तक्रारी प्रवासविषयक लेखनात वर्षानुवर्षे आढळतात. रोजगाराच्या संधी मोजक्या असलेल्या गावात दर आठवड्याला परदेशी पाहुणे येतात, परंतु त्यांचा बहुतांश खर्च गावाबाहेरील निवासस्थानांत होतो. तक्रारींचे कारण त्यातही शोधावे लागते.

यावर घानाने पुढे आणलेला एक उपाय म्हणजे सामुदायिक संसाधन व्यवस्थापन क्षेत्रे. 2000 च्या सुमारास आकारास आलेल्या या व्यवस्थेत उद्यानाबाहेरील जमिनीवरील वन्यजीव व वनोपज यांच्या व्यवस्थापनाचे अधिकार तेथील गावांच्या समित्यांना दिले जातात आणि उत्पन्नही त्यांच्याकडे राहते. मोलेलगतचे मुरुगु-मोग्नोरी क्षेत्र हे त्याचे उदाहरण. मोग्नोरी गावात होडीतून नदीफेरी, ग्रामदर्शन, घरगुती मुक्काम आणि शिया लोणी तयार करण्याचे प्रात्यक्षिक अशा सोयी गावकरीच चालवतात.

शिया हा या भागातील स्त्रियांच्या हाती रोख पैसा आणणारा वृक्ष आहे. मोह आणि चिकू ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झाड शेतात आपोआप उगवते आणि शेतकरी ते तोडत नाहीत, कारण फळे धरायला त्याला दीड-दोन दशके लागतात. पावसाच्या आरंभी स्त्रिया पहाटे फळे वेचतात. बिया उकडून, वाळवून, फोडून, भाजून दळल्या जातात. मग ते पीठ पाण्यात मळून वर आलेली चरबी कढवली जाते. हे लोणी घरात स्वयंपाकाला लागते आणि सौंदर्यप्रसाधने व चॉकलेट उद्योगासाठी निर्यात होते. कोळशासाठी होणारी शियाची तोड ही म्हणूनच केवळ पर्यावरणाची हानी ठरत नाही. रोझवूड या मौल्यवान लाकडाची बेकायदा तोडही सॅव्हाना प्रांताला भेडसावते. भारतातील रक्तचंदन व बिबळा यांच्या प्रजातीतील या वृक्षाच्या तोडीवर व निर्यातीवर घानाने मार्च 2019 मध्ये बंदी घातली, तरी चोरटी तोड पूर्णतः थांबलेली नाही.

प्रवास आणि पूर्वतयारी

भारतीय नागरिकांना घानासाठी व्हिसा आवश्यक आहे. राजधानी आक्रा येथे जाण्यासाठी अदिस अबाबा, दुबई किंवा नैरोबी अशा ठिकाणी विमान बदलणे सोयीचे पडते. आक्राहून उत्तरेकडील तमाले शहरास विमानाने सुमारे एक तास, तर रस्त्याने बहुतेक अख्खा दिवस लागतो. तमालेहून फुफुल्सो आणि दामोंगो मार्गे लाराबांगा मोटारीने साधारण अडीच तासांवर आहे. फुफुल्सो-सावला हा सुमारे 147 किलोमीटरचा रस्ता पूर्वी कच्चा होता. आफ्रिकी विकास बँकेच्या साहाय्याने तो डांबरी झाल्यापासून प्रवास बराच सुकर झाला आहे.

पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र ही अनिवार्य बाब आहे. घानात प्रवेशासाठी ते लागतेच. शिवाय भारत सरकारच्या दृष्टीने घाना पीतज्वरग्रस्त देश असल्याने परतताना प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. मलेरियाचा प्रादुर्भाव वर्षभर असल्याने प्रतिबंधक औषधांबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. घानाच्या उत्तर सीमेलगतच्या काही भागांत सुरक्षेची स्थिती बदलती असते. लाराबांगा त्या सीमेपासून दूर असले तरी निघण्यापूर्वी ताज्या अधिकृत सूचना पाहणे इष्ट.

शाकाहारी प्रवाशांनी आमटी व रश्श्यात मासे किंवा मांस नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेले ‘वाचे’, उकडलेला वा तळलेला याम आणि सकाळची बाजरीची पेज हे पर्याय सहसा मिळतात. ‘वाचे’सोबतचा रस्सा मात्र वेगळा मागावा. चलन सेडी असून गावात रोख रक्कम जवळ असणे उपयुक्त.

मशीद बाहेरून पाहता येते. बिगरमुस्लिमांना आत प्रवेश नसतो. अंग झाकणारे कपडे घालावेत, नमाजाच्या वेळा टाळाव्यात आणि माणसांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. शुल्क अधिकृत व्यक्तीकडेच भरून पावती मागावी आणि वाटाड्याचा मोबदला आधीच ठरवावा. देणगी द्यायची असल्यास ती वाटेत भेटणाऱ्या एकेका व्यक्तीला देण्याऐवजी मशिदीच्या देखभालीसाठी अथवा गावाच्या सामाईक निधीसाठी द्यावी. मुक्काम गावात वा मोग्नोरीसारख्या शेजारच्या वस्तीत केल्यास प्रवाशाच्या खर्चाचा काही भाग थेट तेथील कुटुंबांपर्यंत पोहोचतो.