रक्तातला वारसा आणि ताटातला वारसा

1928 साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायांचे रक्त का आटते, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. दोष जंतूत नव्हे, ताटात सापडला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारातल्या मार्माइटने, बाया सुधारल्या. हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. अर्कातले ते द्रव्य पुढे फॉलिक आम्ल, ब गटातले एक जीवनसत्त्व, म्हणून ओळखले गेले. विल्सचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले. ज्यांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले त्या बाया निनावीच राहिल्या.

त्याच 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती-लाभ विधेयकाचा कैवार घेतला. गिरण्यांतल्या अधिक मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! ताट मजुरीवर ठरते आणि मजुरी जातीवर ठरत होती. मग रक्ताचा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा कसा राहील?

आता विदर्भाकडे पाहू. तेथील आदिवासींत आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. या आजारात ती 10 ते 20 दिवसांत मोडते. नव्या पेशी घडवण्यास फॉलिक आम्ल अधिक लागते, गरोदरपणी त्याहून अधिक. म्हणजे जिला सर्वांत जास्त हवे, तिच्याच ताटात पालेभाजी आणि डाळ सर्वांत कमी!

या आजाराला कोणी जातीचा रोग म्हणतात. ते खोटे आहे. एकाच पालकाकडून हा दोष आलेल्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली दाखवले. मलेरियाच्या मुलखात तो टिकला याचे कारण हे. त्यात पाप नाही, कर्मविपाक नाही. घरात मात्र सुनेलाच ‘माहेरचा दोष’ म्हणून बोल लागतो. आजारी मूल जन्मते ते आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच, हे आपल्याच वस्तीत सांगावे लागेल.

2023 साली सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणी हवीच, मुलाचीही आणि मुलीचीही. पण रक्तातला वारसा कोणी निवडलेला नसतो. ताटातला वारसा व्यवस्थेने लादलेला आहे. पहिल्याची तपासणी करून दुसऱ्याबद्दल गप्प बसणे आपल्याला परवडणार नाही.