घंटा कधी वाजावी?

शाळेत ज्याचे आयुष्य गेले त्याला घंटेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ती वेळेवर वाजली तर सारे शिस्तीने चालते; उगाच वाजत राहिली तर मुले तिच्याकडे लक्ष देईनाशी होतात. आज ज्या घंटेविषयी मी बोलणार आहे, ती अणुवीज केंद्रातील कामगाराच्या छातीवर एका लहानशा पेटीत असते. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, तो अंगाला जाणवतही नाही. म्हणून ही पेटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक किरणमापक, कामगाराचे जणू सहावे इंद्रियच होय. परंतु तिने केव्हा ओरडावे हे कोणीतरी आधी ठरवून द्यावे लागते. तो आकडा ठरविण्यामागे सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे, आणि तो पुष्कळसा दुःखाने मिळविलेला आहे.

१८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा मात्रा मोजण्याचे साधन म्हणजे माणसाची कातडीच होती. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांनी या किरणांचे प्रयोग स्वतःच्या हातांवर केले. पुढे ते हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. १९२५ साली आर्थर मुत्शेलर यांनी असे सुचविले की, कातडी लाल होण्यास जेवढी मात्रा लागते तिच्या शंभराव्या भागाहून अधिक मात्रा महिन्याभरात कोणास मिळू नये. १९२८ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली व १९३४ साली तिने दिवसाला ०.२ राँटजेन ही मर्यादा घालून दिली.

मर्यादेच्या आत राहिले की झाले, असा समज तेव्हा होता. पुढे तो बदलला. १९७७ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितले की, मर्यादा म्हणजे परवाना नव्हे. मात्रा वाजवी प्रयत्नांनी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवलीच पाहिजे. त्या वेळची वार्षिक मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट होती. १९९० साली पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टवर आणण्यात आली. भारतात ही सरासरी तर पाळावयाचीच, शिवाय कोणत्याही एका वर्षात ३० च्या पुढे जावयाचे नाही, असा नियम आहे. १९६९ साली वीज देऊ लागलेल्या आपल्या तारापूरच्या केंद्रालाही तो लागू आहे.

साधनेही बदलत गेली. छातीवर लावलेली छायाफिल्म धुतल्यावर मात्रा कळे. म्हणजे जे घडावयाचे ते घडून गेल्यावर. खिशातील लेखणीसारखे मापक उजेडाकडे धरून पाहावे लागे, आणि कामाच्या घाईत ते पाहावयास माणूस विसरे. इलेक्ट्रॉनिक मापक मात्र आपण होऊन हाक मारतो.

या मापकाला दोन घंटा असतात. एक साठलेल्या मात्रेची, दुसरी मात्रेच्या वेगाची. समजा, एका जागी तासाला २ मिलिसिव्हर्ट असा वेग आहे आणि काम अर्ध्या तासाचे आहे. तर अपेक्षित मात्रा १ मिलिसिव्हर्ट. साठ्याची घंटा १.२ वर ठेवली तर थोडी सवड राहते. पण आतील परिस्थिती बदलून वेग दसपट झाला, तर ती घंटा वाजेपर्यंत साडेतीन मिनिटे जातील. वेगाची घंटा तासाला ३ वर ठेवली असेल तर ती तत्काळ वाजेल. म्हणून आकडा वर्षाच्या मर्यादेवरून नव्हे, तर त्या दिवसाच्या, त्या जागेच्या कामावरून ठरवावयाचा असतो. तो फार वर ठेवला तर इशारा उशिरा येतो. फार खाली ठेवला तर घंटा सारखी वाजते आणि तिची भीड चेपते.

ही भीड चेपली म्हणजे काय होते, ते २४ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे दिसले. तिसऱ्या अणुभट्टीलगतच्या तळघरात तीन कामगार विजेच्या तारा टाकीत होते. आदल्या दिवशीच्या पाहणीत तेथे विशेष धोका आढळला नव्हता. आता मात्र तेथे किरणोत्सारी पाणी साचले होते. मापकाची घंटा २० मिलिसिव्हर्टवर लावलेली होती, ती वाजली. मापकच बिघडला असावा असे समजून ते काम करीतच राहिले. बाहेर आले तेव्हा प्रत्येकाची मात्रा १७० च्या वर गेली होती. घंटा खरे बोलत होती. विश्वास मात्र कालच्या पाहणीवर होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना मापकांवर शिशाचे आवरण घालावयास लावले. २०१२ साली ते उघडकीस आले. मात्रा पुरी झाली की काम संपते, आणि काम संपले की मजुरी संपते! पोटासाठी माणूस स्वतःच्या रक्षकाचेच तोंड बांधतो, ही गोष्ट कोणत्याही यंत्राला सुधारता येणार नाही.

म्हणून, श्रोतेहो, घंटेचा आकडा हा केवळ गणिताचा विषय नव्हे. तो ठरविणाऱ्याने जागा नीट पाहिली पाहिजे, आणि ती वाजताच हातातील काम टाकून बाहेर येणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, अशी हमी त्याला मिळाली पाहिजे. एरवी घंटा वाजत राहील, आणि ऐकणारा मान खाली घालून काम करीत राहील.