चांद्यावरून जाणारी रात्रीची विमाने

भारतातील नागरी हवाई वाहतुकीच्या इतिहासात चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची नावे क्वचितच येतात, कारण ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारी प्रवासी विमानसेवा या अरण्यप्रदेशात रुजली नाही. तरीही विमानकंपन्यांच्या कारभारातील काही मूलभूत संकल्पना याच प्रदेशाच्या माथ्यावर, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाभोवती, जगात त्यांचा गाजावाजा होण्याच्या पुष्कळ आधी राबवल्या गेल्या होत्या. त्या संकल्पना समजून घेतल्या की हे दोन जिल्हे आकाशमार्गाखाली असूनही विमानसेवेबाहेर का राहिले, याचाही उलगडा होऊ लागतो.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाकसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. या योजनेनुसार मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपुरात एकत्र येत. तेथे डाकेच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. चार शहरांना परस्परांशी थेट जोडायचे तर सहा मार्ग लागतात, पण मधल्या एका ठिकाणी सर्वांची गाठ घालून दिली की चार मार्गांत तेच काम भागते. विमानवाहतुकीत अशा मधल्या तळाला हब म्हणतात, त्यातून फुटणाऱ्या मार्गांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली जाते आणि एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसण्याच्या सोयीला जोडउड्डाण म्हणतात. अमेरिकेतील फेडरल एक्सप्रेसने मेम्फिस येथून रात्री पार्सले वाटण्यास १९७३ मध्ये आरंभ केला आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत हबचे श्रेय बहुधा तिलाच मिळते. सोनेगावच्या धावपट्टीवर तोच हिशेब चोवीस वर्षे आधी मांडला गेला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

नागपूरची निवड नकाशावरून सहज पटते. तेथून मुंबई हवाई अंतराने सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराच्या आत असल्याने डाकोटासारख्या संथ विमानालाही तीन-चार तासांत मध्य गाठता येई. नागपूर ते मद्रास ही सरळ रेषा चांदा (आजचे चंद्रपूर) शहराच्या अगदी जवळून जाते. म्हणजे चार आऱ्यांपैकी एक आरा वर्धा आणि इरई नद्यांच्या या मुलखावरूनच दक्षिणेकडे वळलेला होता. गडचिरोली आणि सिरोंचा तेव्हा चांदा जिल्ह्यातच मोडत (स्वतंत्र गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला), आणि या साऱ्या प्रदेशाचा विमानाशी संबंध आला तो पत्राच्या रूपाने. १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रे जादा शुल्काशिवाय विमानाने पाठवण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे चांद्याहून कलकत्त्याला निघालेले पत्र रेल्वेने नागपूर गाठून पुढचा प्रवास हवेतून करू शकले. मुख्य मार्गाला जमिनीवरून माल किंवा प्रवासी आणून देणाऱ्या अशा वाहतुकीला फीडर, म्हणजे पुरवठा-मार्ग, म्हणतात. १९२९ मध्ये बल्लारशा–काजीपेठ दुवा जुळून दिल्ली–मद्रास लोहमार्ग सलग झाल्यापासून चांद्याला हा फीडर तयारच मिळाला होता. अरण्यातल्या गावांना मात्र त्या लोहमार्गापर्यंत पोहोचणे हेच मोठे काम होते.

या व्यवस्थेची व्यावसायिक बाजू कच्ची होती. इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या पहिल्या कंपनीला ती पेलली नाही, त्याच वर्षी काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले आणि पुढे डेक्कन एअरवेजने ते सांभाळले. कंपन्या फार आणि प्रवासी थोडे, अशी देशभरची स्थिती न्या. राजाध्यक्ष समितीने १९५० मध्ये नोंदवली. विमानातील उपलब्ध आसनांपैकी किती भरली याच्या टक्केवारीला लोड फॅक्टर म्हणतात, आणि खर्च भरून निघण्यास जेवढी टक्केवारी लागते तिच्याखाली विमान उडाले की प्रत्येक फेरीत तोटा वाढतो. डाकेचे उत्पन्न हा त्यावरचा आधार होता. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खाजगी कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि रात्रीची डाकही तिच्याकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपूरहून उडालेले एक डाकोटा लगेच कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले.

खुद्द चंद्रपुरापुरते पाहिले तर शहराजवळच्या मोरवा येथे धावपट्टी आहे, परंतु ती लहान विमानांपुरती आहे. येथे केवळ लांबी मोजून भागत नाही. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते, म्हणून मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या या जिल्ह्यात तेच विमान हिवाळ्यापेक्षा लांब धावपट्टी मागते, किंवा प्रवासी आणि इंधन कमी घेऊन उडते. या सक्तीच्या कपातीला भार-मर्यादा म्हणता येईल. त्यात मोरव्याच्या आसमंतात वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आणि कोळशाच्या खाणी असल्याने विस्तारास वाव राहिला नाही. राजुरा तालुक्यातील मूर्ती येथे नव्या विमानतळाचा प्रस्ताव आला, तोही वनजमीन आणि वाघांचा भ्रमणमार्ग या प्रश्नात अडकला.

सारा दोष जंगलावर टाकणे मात्र सोयीचे असले तरी पुरेसे नाही. ज्या भूभागातून विमानतळाला प्रवासी मिळतात त्याला त्याचे प्रवासी-क्षेत्र म्हणतात, आणि चंद्रपूर हे नागपूरच्या क्षेत्रात पूर्णपणे सामावलेले आहे. तीन तासांच्या रस्त्याने प्रवासी आपणहून नागपूरला येत असताना कंपनीने त्याच्या दारी वेगळे विमान का आणावे, हा व्यापारी प्रश्न उरतोच. कोळसा, सिमेंट आणि वीज यांच्या कारभारासाठी वर्षभर ये-जा असते, पण ताडोब्याच्या पर्यटकांची गर्दी हंगामी असून गाभाक्षेत्र पावसाळ्यात बंद असते. अपुऱ्या प्रवाशांमुळे अशा मार्गांवर येणारी तूट भरण्यासाठीच २०१६ मध्ये उडान योजना आली, जिच्यात काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीचा तोटा ठरावीक मुदतीपर्यंत शासन भरून देते. शेजारच्या गोंदियात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बिरसीच्या धावपट्टीवर, मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच थांबली आणि डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगोचे विमान आले. अनुदानाने मार्ग उघडता येतो, तो टिकेलच असे नाही, याचे उदाहरण म्हणून बिरसीकडे पाहावे लागते.

गडचिरोलीत विमानाची जागा हेलिकॉप्टरने घेतली आहे. वेळापत्रक जाहीर करून, आगाऊ तिकिटे विकून चालवलेल्या सेवेला नियोजित सेवा म्हणतात आणि गरजेनुसार होणारी उड्डाणे अनियोजित वर्गात येतात. या जिल्ह्याचा हवाई व्यवहार जवळजवळ सगळा गरजेनुसार आणि तोही शासकीय. निवडणुकीच्या वेळी दुर्गम केंद्रांवर मतदान-पथके आणि यंत्रे पोहोचवणे, नक्षलवाद्यांशी चकमकीत जखमी झालेल्या जवानांना नागपूरच्या रुग्णालयात हलवणे, ही त्यातील ठळक कामे. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा हेलिकॉप्टरचीच वाट पाहिली जाते, मात्र ज्या ढगांनी आणि पावसाने रस्ता बंद केलेला असतो, तेच दृश्यमानता आवश्यक मर्यादेखाली नेऊन उड्डाणही अडवू शकतात, त्यामुळे भामरागडसाठी औषधसाठा आणि धान्य पावसाळ्याआधीच रस्त्याने पोहोचवून ठेवावे लागते.